दुखणे आवाक्यात आले, झोप मात्र परतली नाही

सुरंगी (गुहागर तालुका)

सर्वांना नमस्कार. मला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, आहे. निदान होईपर्यंत दोन्ही हातांची बोटे, मनगटे आणि पावलांचे सांधे सुजून पहाटे अंग इतके आखडत असे, की न्हाणीघराची कडी काढायला चिमटीत जोर नसे. दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून ती सरकवावी लागे. रात्री कूस बदलली की जाग, पांघरूण पायाच्या अंगठ्याला घासले की जाग, असे फार दिवस चालले. आता मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू आहे, सूज पुष्कळ उतरली आहे, रक्ताचे अहवाल चांगले येतात आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. दुखणे आवाक्यात आले, तरी झोप परतलेली नाही. रात्री नऊला अंथरुणावर पडते, बऱ्याच वेळाने डोळा लागतो, आणि दोन-अडीचच्या सुमारास काही दुखत नसतानाही टक्क जाग येते. मग उजाडेपर्यंत पडून राहायचे, मधूनच घड्याळ पाहायचे आणि उद्याची कामे कशी उरकणार याची धास्ती घ्यायची. घरचे म्हणतात, वय झाले की झोप कमीच होते. डॉक्टर सांध्यांची चौकशी आपुलकीने करतात, पण बाहेर रांग एवढी असते की झोपेचा विषय निघतच नाही. ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी सविस्तर लिहावे. झोपेची गोळी शक्यतो नको आहे.

रातांबा (कुडाळ)

सुरंगीताई, तुमच्या दुखण्याची जात निराळी आणि माझ्या दुखण्याची निराळी. माझ्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. एसटीत कंडक्टर म्हणून सारी नोकरी उभ्याने झाली. ज्या दिवशी चालणे जास्त होते त्या रात्री गुडघे ठणकतात, आणि कुशीवर झोपले की एका गुडघ्याचे हाड दुसऱ्यावर टेकून कळ येते. दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपू लागल्यापासून ती कळ पुष्कळ कमी झाली. जमिनीवरची गोधडी सोडून खाट घेतली, तीही अशा उंचीची की काठावर बसल्यावर दोन्ही पावले जमिनीला पुरती टेकतात. रात्री लघवीला उठण्याची भीती गेली की झोपेतली निम्मी धाकधूक जाते, असे माझे ठाम मत आहे.

रात्री निजताना मी उंडीचे तेल कोमट करून चोळतो. मात्र मिरग लागला की काहीही करा, ठणका वाढतोच. कोकणातल्या दमट हवेत सांध्यांना सुख नाही.

सागरवेल (वेंगुर्ले)

माझ्या आईला हाच आजार आहे, म्हणून एक घरगुती गोष्ट सांगते. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या असतात आणि बोटांत जोर नसलेल्या माणसाला रात्री उठताना त्या ओढून काढणे हे मोठेच दिव्य असते. आई त्या धास्तीने संध्याकाळपासून पाणी पिणे टाळू लागली होती. आम्ही मच्छरदाणीच्या चारी कडांना जुन्या नऊवारीचा काठ शिवून घेतला आणि ती जमिनीवर वीतभर लोळेल इतकी लांब ठेवली. आता खोचावी लागत नाही; काठाच्या वजनाने ती बसून राहते आणि हाताच्या पाठीने सारली की बाहेर पडता येते. मागील दाराच्या कडीला सुतळीचा मोठा फास बांधला आहे, त्यात मनगट घालून कडी ओढता येते. पांघरुणाचा भार बोटांवर पडू नये म्हणून पायथ्याशी पुठ्ठ्याचे खोके ठेवून त्यावरून पांघरूण घेतो.

बकुळ (रत्नागिरी जिल्हा)

माझे औषधांचे दुकान आहे. झोपेची तक्रार ऐकली की मी आधी गोळ्यांच्या वेळा विचारतो. प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड साधारणपणे सकाळी न्याहारीनंतर घ्यायचे असते. तेच संध्याकाळी घेतले तर माणूस रात्री टक्क जागा राहू शकतो. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी रात्री घेतली तर दर दोन तासांनी उठणे आलेच. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळ बदलू नये, आणि स्टिरॉइड तर एकाएकी मुळीच थांबवू नये. सुरंगीताई, तुमच्या औषधांत यांपैकी काही आहे का, हे एकदा चिठ्ठीवर तपासून पाहा.

दुसरे, फार कळकळीने सांगावेसे वाटते. सांधेदुखीवर आठवडी बाजारात पुड्या आणि काळ्या गोळ्या मिळतात. त्यांत पुष्कळदा न सांगता स्टिरॉइड मिसळलेले असते. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या संधिवाताच्या रुग्णाला प्रथम कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिले, तेव्हा काही दिवसांत तो रुग्ण चालू लागला आणि १९५० साली हेंच यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा अशा पुडीने दोन रात्रींत गाढ झोप लागली तर त्यात नवल नाही. पण पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर चढते, तोंड सुजते, आणि पुडी बंद केली की दुखणे दुप्पट जोराने उठते. अशी माणसे माझ्या दुकानात नेहमी येतात आणि पाहून जीव तुटतो.

कातळफूल (डॉक्टर, रत्नागिरी)

सुरंगीताईंचा प्रश्न नेमका आहे. वर रातांबा यांनी दुखण्याच्या जातीचा उल्लेख केला, तिथूनच सुरुवात करतो, कारण रात्रीच्या दुखण्याची वेळ पुष्कळ काही सांगते.

झिजेचे दुखणे बहुधा वापराने वाढते आणि विश्रांतीने उतरते. सकाळी ताठरपणा असलाच तर साधारण अर्ध्या तासात सुटतो. सुजेचा संधिवात उलटा वागतो. रात्रीच्या उत्तरार्धात शरीरात सूज वाढवणारी रसायने चढत जातात, आणि त्यांना आवर घालणारे शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असून पहाटे वाढू लागते. या आजारात ती वाढ सुजेला पुरी पडत नाही. म्हणून पहाटे तीन-चारला ठणका लागून जाग येते आणि ताठरपणा तास-तास सुटत नाही. ज्याला हे रोज होत आहे त्याने झोपेचे उपाय शोधण्याआधी डॉक्टरांकडे जावे, कारण तिथे मूळ आजारच काबूत आलेला नाही आणि तो काबूत आणणे हाच झोपेचा पहिला उपचार आहे. त्यासाठी आज पूर्वीपेक्षा पुष्कळ औषधे उपलब्ध आहेत; रात्रभर कळा सोसत राहणे हे कोणाच्याही नशिबी आहे असे मानू नये.

सुरंगीताईंची गोष्ट मात्र दुसऱ्या टप्प्याची आहे. त्यांची सूज उतरली, ताठरपणा कमी झाला, म्हणजे मूळ कारण बरेचसे हटले. तरीही जाग राहिली. दीर्घ आजारात हे पुष्कळांचे होते. दुखण्याने सुरू झालेला निद्रानाश पुढे स्वतंत्र तक्रार बनतो आणि त्याला स्वतंत्र उपचार लागतो. तो करावाच, कारण अपुऱ्या झोपेने दुखणे सोसण्याची शक्ती घटते. तेवढीच सूज दुसऱ्या दिवशी अधिक बोचते. वय झाले की झोप हलकी होते हे खरे, परंतु रोज दोन-अडीचला उठून उजाडेपर्यंत जागे राहणे याला वय म्हणून सोडून देऊ नये.

पुढच्या खेपेला हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. या आजारात रक्त कमी असणे नेहमीचे असते आणि लोह कमी असेल तर रात्री पायांत वळवळ होऊन ते सतत हलवावेसे वाटतात. घरच्यांनी मोठे घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे पाहिले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

खलाशी (हर्णै)

आमच्या बंदरावर रात्रीचे दुखणे म्हटले की पायाचा अंगठा. संध्याकाळी माणूस धडधाकट निजतो आणि मध्यरात्री अंगठा लालबुंद सुजून असा पेटतो की चादरीचा स्पर्श सोसत नाही. माझ्या थोरल्या भावाला हे युरिक ॲसिडचे दुखणे आहे. तो समजत होता की जाळे ओढताना मुरगळले असावे. तारली, मांदेली, बांगडा आणि शिनाणे हे आमचे रोजचे जेवण, आणि डॉक्टरांनी नेमके तेच बेताने खायला सांगितले, बिअर तर बंदच. ते ऐकून आमच्या घरात सुतकच आले. कातळफूल साहेबांना विचारायचे आहे की हे रात्रीच का उठते?

कातळफूल

खलाशीभाऊ, या दुखण्याचा झटका दिवसापेक्षा मध्यरात्र ते सकाळ या वेळात येण्याचा धोका साधारण दुप्पट असल्याचे दिसून आले आहे. रात्री शरीरातील पाणी कमी होते, हातापायांची टोके थोडी थंड पडतात आणि कॉर्टिसॉल कमी असते. या सर्वांमुळे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात जमायला आणि सूज भडकायला वाव मिळतो, असे मानले जाते. मासे बेताने खाणे योग्यच आहे, पण केवळ पथ्याने युरिक ॲसिड पुरेसे उतरत नाही; वारंवार झटके येत असतील तर ते रक्तात दर डेसिलिटरला ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवणारी रोजची गोळी डॉक्टर सुरू करतात. ती दुखणे थांबले म्हणून सोडायची नसते. लाल सुजलेल्या अंगठ्याला गरम शेक देऊ नका, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने बरे वाटते. आणि सांधा गरम, लाल झाला असून अंगात थंडीताप असेल तर सकाळची वाट पाहू नका. सांध्यात जंतुसंसर्ग असण्याची शक्यता असते.

निर्गुडी (वैद्य, सावंतवाडी)

रातांबा यांच्या उंडीच्या तेलाविषयी एक खुलासा आवश्यक वाटतो. झिजलेल्या गुडघ्याला कोमट तेल लावणे आमच्या शास्त्राला धरून आहे. आमवातात मात्र, म्हणजे सांधे सुजलेले, जड आणि गरम असताना, तेलाचे मर्दन करू नये, कोरडा शेक द्यावा असे सांगितले आहे. त्याला वालुकास्वेद म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर वाळूला तोटा नाही. ती धुऊन, वाळवून, लोखंडी कढईत भाजावी, जाड सुती फडक्यात पुरचुंडी बांधावी आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहून मगच सांध्याला लावावी. निगडीचा पाला उकळून त्या पाण्याचा शेकही घरोघर देतात. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांना स्पर्श कळत नाही त्यांनी हे मुळीच करू नये. भाजल्याचे त्यांना समजत नाही.

रातांबा

वैद्यबुवा, माहितीबद्दल आभार. पण पावसाळ्याविषयी कोणीच काही बोलले नाही. माझी आई अंगणात पाऊस यायच्या आदल्या रात्री सांगत असे, उद्या पाणी येणार, ढोपर बोलते आहे.

पाणकावळा (अलिबाग)

रातांबाकाका, सगळे खापर हवेवर फोडू नये असे मला वाटते. माझी पाठ आणि कंबर दुखते ती राजस्थानात नोकरीला असतानाही दुखतच होती. पावसाळ्यात आपण घरात बसून राहतो, चालणे थांबते, ओले कपडे आणि कोंदट खोल्या यांनी मन कोमेजते, लाईट जाऊन पंखा बंद पडला की घामाने अंथरूण चिकटते आणि झोप मोडते. दुखणे वाढायला एवढी कारणे पुरेशी नाहीत का?

तगर (फिजिओथेरपिस्ट, चिपळूण)

तुम्हा दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मँचेस्टर विद्यापीठाने ब्रिटनमधील २,६५८ लोकांच्या रोजच्या नोंदी आणि त्यांच्या गावचे हवामान ताडून पाहिले होते, तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. हवा दमट असणे, तिचा दाब कमी असणे आणि वारा जास्त असणे यांचा दुखण्याशी संबंध दिसला, पण तो बेताचाच होता. म्हणजे काकांच्या आईंचे ढोपर खोटे बोलत नव्हते, परंतु केवळ हवा सोडली म्हणून दुखणे सुटेल असेही नाही. पावसाळ्यात पडवीत का होईना, सकाळ-संध्याकाळ चालणे चालू ठेवा. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम गुडघ्याला रात्रीही उपयोगी पडतात.

झोपण्याच्या पद्धतीविषयी लिहिते. कुशीवर झोपणाऱ्यांनी गुडघ्यांमध्ये उशी घेणे उत्तम. मात्र उताणे झोपून गुडघ्यांखाली जाड उशी रात्रभर ठेवण्याची सवय पुष्कळांना असते, ती सुजेच्या संधिवातात टाळावी. गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे पूर्ण सरळ होत नाही. मानेखाली एकच, मान सरळ राहील एवढी उशी घ्यावी. बरीच वर्षे रूमॅटॉइड असलेल्या रुग्णांच्या मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, म्हणून मान मोडून घेणे, झटका देऊन ‘बसवून’ घेणे पूर्णपणे टाळा. न्हाव्याकडेही ही सवय असते, त्याला आधीच सांगून ठेवा.

रात्री बोटांना मुंग्या येऊन, हात झटकत जाग येत असेल, तर मनगटातील नस दबलेली असण्याची शक्यता आहे. मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री बांधल्याने पुष्कळांना आराम पडतो. झोपण्याच्या तास-दीड तास आधी गरम पाण्याने आंघोळ केली तर सांधे सैल होतात आणि नंतर शरीर निवत जाते तशी झोप येण्यासही मदत होते.

आबोली (मूळ मालवण, मुक्काम ठाणे)

माझ्या सासूबाई मालवणला एकट्या राहतात. चिकुनगुनियानंतर त्यांचे घोटे आणि मनगटे धरली ती सुटेनात. तापाचे दुखणे, जाईल हळूहळू, असे सगळे म्हणत राहिले. शेवटी त्यांना गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेले. तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवावे, हे ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी लक्षात ठेवावे.

मला झोपेच्या गोळीविषयी लिहायचे आहे. आमच्या शेजारच्या आजींना अल्प्राझोलामची गोळी सुरू होती. झोप लागत असे, पण एका रात्री उठताना तोल जाऊन त्या ओट्यावरून पडल्या आणि खुबा मोडला. तेव्हापासून मला या गोळ्यांची धास्ती वाटते. दुसरे असे, की घरातील दुसऱ्या माणसाची झोपही मोजली पाहिजे. सासूबाई आमच्याकडे असतात तेव्हा मला उठवायला नको म्हणून त्या कळा सोसत भिंतीला टेकून बसतात, आणि त्या बसल्या आहेत या जाणिवेने माझाही डोळा लागत नाही.

बकुळ

आबोलीताई, तुमची धास्ती योग्य आहे. या वर्गातील गोळ्यांची सवय लागते आणि वयस्कर माणसांचा तोल जातो. ज्यांना त्या वर्षानुवर्षे सुरू आहेत त्यांनी हे वाचून आज रात्रीपासून बंद करू नयेत. डॉक्टर त्या हळूहळू उतरवून देतात. सासूबाईंसाठी सांगतो, डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिले असेल तर ते निजण्याच्या वेळी घेता येते का, हे विचारून घ्या. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी मात्र रिकाम्या पोटी आणि मनाने घेऊ नये. पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब, तिन्हींवर ताण पडतो.

केवडा (दापोली)

सुरंगीताई, आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते, कारण मी त्याच वाटेने आले आहे. मलाही रूमॅटॉइड आहे आणि माझीही सूज उतरल्यावर झोप बिघडलेलीच राहिली होती. ढोपर फुटून बरे झाले तरी काही दिवस लंगडण्याची सवय राहते, तसे ते होते. कळा येत तेव्हा मी दुपारी, संध्याकाळी, मिळेल तेव्हा पडत असे आणि रात्री लवकर अंथरूण धरत असे. पुढे कळा गेल्या, पण अंथरूण म्हणजे जागे राहून काळजी करण्याची जागा, अशी गाठ मनात पक्की बसली होती. पुण्यातील एका मानसोपचारतज्ज्ञांनी मला निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत शिकवली. औषध काही नव्हते.

पहिली गोष्ट, सकाळी उठण्याची वेळ एकच, रात्र कशीही गेली तरी. दुसरी, झोप येत असेल तेव्हाच अंथरुणावर जायचे. तुम्ही नऊला पडता आणि पहाटेपर्यंत पडून राहता, पण प्रत्यक्ष झोप चार-पाच तासच लागत असावी. अशा वेळी अंथरुणावरचा एकूण वेळच आखडून घ्यायचा. मला रात्री साडेअकरा ते साडेपाच असा दिला होता. साधारण पाच-साडेपाच तासांच्या खाली मात्र नेत नाहीत. तिसरी, मध्येच जाग आली आणि साधारण वीस मिनिटांत झोप लागणार नाही असे वाटले, तर उठून दुसरीकडे बसायचे, डोळे जड झाले की परत यायचे. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. पहिले काही आठवडे अतिशय कठीण गेले, दिवसा पेंग येई, सांधेही थोडे अधिक दुखल्यासारखे वाटत. नंतर झोप सलग होऊ लागली तशी वेळ हळूहळू वाढवून दिली.

रातांबा

केवडाताई, म्हणजे वामकुक्षीही सोडायची? कोकणी माणसाला दुपारची भात-कढी जेवून पाठ टेकू नको म्हणणे फार कठोर आहे.

केवडा

काका, मला पहिल्या काही आठवड्यांत पूर्ण बंद होती. आता तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटे पडते. तुमची रात्रीची झोप चांगली लागत असेल तर तुम्ही का सोडावी? मात्र दुपारीही मच्छरदाणी लावा. चिकुनगुनियाचा डास दिवसा चावतो.

कातळफूल

केवडाताईंनी सांगितलेली पद्धत निद्रानाशावरील पहिला उपचार मानली जाते. झिजेच्या संधिवातावरही ती पडताळली गेली आहे. २०२१ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साठीच्या पुढच्या ३२७ जणांना घेतले होते आणि उपचार दिलेल्यांना हे सारे केवळ दूरध्वनीवरून, सहा बैठकांत शिकवले गेले. त्यांची झोप वर्षभरानंतरही सुधारलेली राहिली. दुखण्यातील सुधारणा मात्र थोडी होती आणि तेवढी टिकली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मला त्यातील दूरध्वनी फार महत्त्वाचा वाटतो, कारण गुहागरहून पुण्या-मुंबईला दर आठवड्याला कोण जाणार? केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येते आणि झोपेच्या तक्रारीसाठीही फोन करता येतो. ज्यांना फेफरे येते, ज्यांना उन्माद-नैराश्याचा आजार आहे, किंवा जे रात्री वाहन अथवा होडी चालवतात, त्यांनी झोपेचा वेळ आखडण्याचा भाग मनाने करू नये.

सुरंगी

सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, मी खरोखर आभारी आहे. बकुळ यांच्या सांगण्याप्रमाणे चिठ्ठी तपासली. स्टिरॉइड काही महिन्यांपूर्वीच बंद झाले आहे, तेव्हा ते कारण नाही. सागरवेल यांची मच्छरदाणीची युक्ती आजच शिंपिणीला सांगितली. केवडाताईंची पद्धत मनाला पटली, कारण ‘अंथरूण म्हणजे काळजीची जागा’ हे वाक्य वाचताना माझीच रात्र कोणी लिहिली आहे असे वाटले. उठण्याची वेळ साडेपाच ठरवली आहे. तपासण्यांची नावे कागदावर लिहून ठेवली आहेत, आणि त्याच कागदावर सर्वांत वर झोपेचा प्रश्न लिहिला आहे, म्हणजे रांग कितीही असली तरी तो आधी निघेल.

दोन शंका उरतात. रात्री अडीचला उठून करायचे काय? आमच्या घरात माजघरातच सगळे झोपतात. आणि गौरी-गणपतीत आमच्या वाडीत रात्र-रात्र भजने आणि जाखडी नाच असतो. मी घरातली मोठी सून, मला आत जाऊन निजता येत नाही. तेव्हा हे सारे मोडणार नाही का?

तगर

पडवीत पाठ टेकेल अशी, हात असलेली खुर्ची संध्याकाळीच मांडून ठेवा, जवळ शाल आणि मंद उजेडाची बॅटरी. वाती वळणे किंवा लसूण सोलणे अशी चिमटीची कामे रात्री हातात घेऊ नका, बोटे आखडतात. मोबाइल नको. हलके वाचन किंवा कानात हळू आवाजात लावलेले कीर्तन चालेल.

केवडा

गणपतीची काळजी करू नका. दोन-चार रात्री उशीर झाल्याने केलेले वाया जात नाही. उठण्याची वेळ तेवढी फार ढळू देऊ नका आणि त्या दिवसांत दुपारी थोडे पडा. जागरणाला जमिनीवर मांडी घालून बसू नका, भिंतीशी खुर्ची मागून घ्या. मोठ्या सुनेने खुर्चीवर बसावे की नाही याची चर्चा आमच्याकडेही पहिल्या वर्षी झाली, नंतर सासूबाईंनीच दुसरी खुर्ची मागवली. रात्री बाराच्या आरतीनंतर फिरणारा चहा मात्र घेऊ नका.

बकुळ

सणाच्या गडबडीत मेथोट्रेक्सेटचा वार चुकतो, तोही पाहा. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. ठरलेला वार हुकला तर पुढच्या दोन दिवसांच्या आत घेता येते. त्याहून उशीर झाला तर ती सोडून द्यावी, पुढच्या ठरलेल्या वारी नेहमीचीच मात्रा घ्यावी आणि दोन मात्रा एकदम कधीही घेऊ नयेत. कॅलेंडरवर त्या वाराला आधीच खुणा करून ठेवा आणि घरातील आणखी एकाला त्या दाखवून ठेवा.